दोन्ही बाजूंची नावं

कोर्बेश्ती, ८ नोव्हेंबर २०१८

चि. आउरिका,
अनेक आशीर्वाद.

काल तालुक्याला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डावा कान गेला आहे हे मला माहीतच होतं, त्याने ते कागदावर लिहून दिलं. उजव्याचं म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत धरेल, पुढचं सांगता येत नाही. मागच्या महिन्यात त्याने एक यंत्र दिलं होतं, ते परत करून आले. ते लावलं की माझ्या कोंबड्या रेल्वे स्टेशनवर ओरडत असल्यासारख्या वाटायच्या.

तेव्हा आता फोन करत जाऊ नकोस. तू दर रविवारी अर्धा तास बोलतेस आणि मी ‘हो’ आणि ‘बरं’ आळीपाळीने म्हणते. मागच्या खेपेला कशाला ‘हो’ म्हटलं ते देव जाणे. त्यापेक्षा पत्र लिही. त्रिफोनची गाडी रविवारी पादोवाहून खोकी घेऊन निघतेच, पत्रही आणील. गुरुवारी परत जाताना माझं घेऊन जाईल.

एकच मागणं आहे. नोएमी नऊ वर्षांची झाली. तिसऱ्या वर्षी तिला आणली होतीस तेव्हा ती नुसती रडत होती, आणि रडणं सगळीकडे सारखंच असतं. हा कान आहे तोवर मला तिचं बोलणं ऐकायचं आहे. आपल्या भाषेत. तिकडचं मला कळत नाही. येत्या वर्षी ईस्टरनंतर आठवड्याने पितरांचा ईस्टर येईल, त्याला या. परदेशात गेलेली सगळ्यांची मुलं त्या दिवशी येतात, तूच येत नाहीस. तुझा बाप अकरा वर्षं टेकडीवर पडून आहे, आणि त्याच्या नावाचे वाडगे मी एकटी वाटते.

मुलगी काय बोलते, किती बोलते ते लिही.

तुझी आई,
आगाफिया


पादोवा, १८ नोव्हेंबर २०१८

प्रिय आई,
नमस्कार.

पत्र वाचून वाईट वाटलं. इथल्या डॉक्टरला दाखवू या म्हटलं असतं, पण तू येणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

लोरिसशी बोलले. डेपोत बसगाड्यांची कामं एप्रिलनंतर कमी होतात, तेव्हा त्याला रजा मिळेल. मी ज्यांना सांभाळते त्या सिन्योरा ओत्ताविया आता एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांच्या मुलांना मी आत्ताच सांगून ठेवलं आहे. आम्ही येतो.

नोएमी बोलते, आई. चांगलं बोलते. शाळेत इटालियन, लोरिसच्या आईशी त्यांची गावाकडची वेनेतो बोली, आठवड्यातून दोनदा इंग्रजी, आणि माझ्याशी आपलं. सगळं आपापल्या कप्प्यात ठेवते. परवा खिडकीतून अर्धा चंद्र पाहिला आणि म्हणाली, ‘आई, कोणीतरी दोऱ्याने कापलाय, ममलिगेसारखा.’ मक्याच्या पिठाची घट्ट ममलिगा तू दोऱ्याने कापायचीस, मला तुझीच आठवण आली.

सोबत कॉफी, लोकरीचे मोजे आणि तुझ्या गुडघ्याचं मलम.

तुझी,
आउरिका


कोर्बेश्ती, २९ नोव्हेंबर २०१८

चि. आउरिका,

मोजे आले. मलम आलं. कॉफी त्रिफोनने वाटेत उघडली नाही याबद्दल त्याला एक बाटली दिली.

तुम्ही येणार हे मी शेजारच्या फेव्रोनियाला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं. तिचा नातू पोर्तुगालला असतो, त्याला म्हणे आपल्या तीन कविता पाठ आहेत. मी म्हटलं, माझी चंद्रावर स्वतःचं बोलते. मग तिने कोंबड्यांचा विषय काढला.

चंद्राचं वाचून नवल वाटलं. तूही चार वर्षांची असताना पायरीवर उभी राहून हेच म्हणाली होतीस, शब्दाला शब्द. रक्तात असावं.

नावांचा कागद पाठवते आहे. ज्या बाजूला वर क्रूस काढला आहे ती मेलेली माणसं. मागच्या बाजूला जिवंत. पाद्रीबाबांना दोन्ही लागतात, एकांसाठी शांती मागायची आणि दुसऱ्यांसाठी तब्येत. नोएमीने मेलेली तेवढी पाठ करावीत. सहाच आहेत. कबरीपाशी एकेकाच्या हातात वाडगा, त्यात पाव आणि मेणबत्ती द्यायची आणि म्हणायचं, ‘हे अमक्याच्या आत्म्यासाठी.’ घेणारा म्हणतो, ‘देव स्वीकारो.’ संपलं. लहान मुलाच्या तोंडून गेलेलं लवकर पोचतं म्हणतात.

वाट पाहणं तुझ्या बापाला कधीच जमायचं नाही.

आगाफिया


पादोवा, १३ जानेवारी २०१९

प्रिय आई,

नावांचा कागद मिळाला. नोएमी पाठ करते आहे. तिला वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळं इटालियन अक्षरांच्या वळणाने एका कागदावर उतरवून दिलं. सिन्योरांना भरवता भरवता लिहिलं, त्यामुळे एका कोपऱ्यावर सूप सांडलं आहे.

निकानोर कोण, असं तिने विचारलं. आजोबा, म्हटलं. ‘ते काय करायचे?’ मी सांगितलं, द्राक्षं लावायचे आणि कमी बोलायचे. तिला हे पटलं. लोरिससुद्धा ‘देव स्वीकारो’ पाठ करतो आहे. बसखाली झोपून म्हणत असतो. डेपोतल्या लोकांना वाटतं तो धार्मिक झाला.

कान कसा आहे?

आउरिका


कोर्बेश्ती, ७ मार्च २०१९

चि. आउरिका,

कान कसा आहे विचारतेस. कोंबडा आता सकाळी तोंड उघडतो आणि मिटतो. बाकी बरं आहे.

माणसाचं बोलणं समोर बसलं तर कळतं. फेव्रोनियाचं कळलं नाही तरी चालतं, ती तेच परत सांगते. पाद्रीबाबांचं प्रवचन मात्र या वर्षी मला प्रथमच आवडलं.

वाडगे आणून ठेवले, निळ्या काठाचे. एक डझन आणले, कोणी आयत्या वेळी आलं तर. खोली झाडली. गादी उन्हात घातली. मुलीला काय आवडतं ते लिहिलं नाहीस. बोलली की कळेल म्हणून मी विचारत नाही.

आगाफिया


पादोवा, १४ एप्रिल २०१९

प्रिय आई,

आम्ही निघण्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून आज त्रिफोनकडे देते आहे. तोंडाने सांगण्याचं मला धैर्य नाही, आणि तोंडाने सांगितलेलं तुला ऐकू येणार नाही असा बहाणाही आहे.

नोएमीला आपली भाषा येत नाही.

चंद्राचं वाक्य तिचं नाही. माझंच असेल, लिहिताना ते कोण म्हणालं होतं हे मला आठवत नव्हतं. तिला आपल्या भाषेत दोनच गोष्टी कळतात. मी रागावते ते आणि मी तिला झोपवायचे तेव्हाचं गाणं. कारण तेवढंच मी आपल्या भाषेत करते. राग आला की इटालियन मला पुरत नाही.

ती अडीच वर्षांची होती तेव्हा बागेत घेऊन जायचे. घसरगुंडीपाशी आपल्या भाषेत तिला हाक मारली की शेजारची बाई हसून विचारायची, कोणाचं मूल सांभाळता तुम्ही? एकीने नव्हे, तिघींनी विचारलं. तिसऱ्या वेळी मी मुलीला इटालियनमध्ये हाक मारली. मग बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, मुलगी उशिरा बोलते आहे, घरात एकच भाषा ठेवा. मी घरी येऊन लोरिसला ते रडत सांगितलं. पण आई, मला आतून हायसं वाटलं होतं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

आता का सांगते? सिन्योरा ओत्ताविया महिनाभरापासून इटालियन विसरल्या. आपल्या लहानपणच्या खेड्यातलं बोलतात. त्यांचे दोन्ही मुलगे वकील आहेत. ते पलंगाशी उभे राहतात आणि त्यांना कळत नाही. परवा शाळा सुटल्यावर नोएमी माझ्याबरोबर आली होती. सिन्योरा काहीतरी बडबडल्या. नोएमी वहीतून वर न बघता त्या मुलांना म्हणाली, ‘त्या म्हणतायत, बदकं आत घ्या, पाऊस येतोय.’ तिला ती बोली माझ्या सासूबाईंमुळे येते. धाकटा वकील खिडकीशी गेला आणि बदकं आत घेतल्यासारखं केलं. म्हातारी शांत झोपली.

मी भांडी घासत होते. मनात आलं, मीही एक दिवस मागे जाईन. सगळे जातात. तेव्हा मी काय म्हणते आहे ते या मुलीला सांगायला कोणीही नसेल.

नावं तिने पाठ केली आहेत, पण गाण्यासारखी. अर्थ विचारू नकोस. तुझा कान तिच्यासाठी राखून ठेवलास आणि मी तुला फसवलं. आम्ही यायला नको असेल तर त्रिफोनकडे तसं कळव.

आउरिका


पादोवा, १२ मे २०१९

प्रिय आई,

आम्ही सुखरूप परत पोचलो. तुझं उत्तर आलं नाही म्हणजे ये असा अर्थ मी घेतला होता. तुझ्याकडे पोचल्यावर कळलं की त्रिफोनची गाडी हंगेरीच्या हद्दीवर बिघडून तीन आठवडे गॅरेजात पडली होती आणि माझं पत्र तिच्यातच होतं. तुला काहीच माहीत नव्हतं. दोन दिवस मी संधी शोधत राहिले आणि तू पॅनकेक करत राहिलीस. नोएमी खात राहिली, त्यामुळे तिला बोलावं लागलं नाही.

टेकडीवरचं जे झालं त्याचा दोष माझा आहे. मी नावं उतरवली तेव्हा आधी पुढची बाजू लिहिली, मग खाली मागची. मध्ये रेघ मारायची राहिली. तिने कागद पाठ केला, सगळा.

पहिली सहा किती सुंदर म्हणाली, आई. मी तुझ्याकडे बघत होते. तू उजवा कान पुढे करून उभी होतीस, हातात ईस्टरचं लाल रंगवलेलं अंडं. निकानोर आजोबांच्या आत्म्यासाठी. देव स्वीकारो. फेव्रोनिया डोळे पुसत होती. मला वाटलं, निभावलं. मग नोएमीने सातवा वाडगा उचलला, फेव्रोनियाच्याच हातात ठेवला आणि स्पष्ट म्हणाली, ‘हे आगाफियाच्या आत्म्यासाठी.’

फेव्रोनिया वाडग्याकडे बघत म्हणाली, ‘शेजारीणबाई, गेलात कधी? आम्हाला कळवलंही नाहीत.’

मी पोचेपर्यंत आठवा माझ्या नावाने पाद्रीबाबांना गेला होता. नववा तिने लोरिसला दिला, लोरिसच्याच आत्म्यासाठी. चार महिने तयारी केलेल्या माणसाने दोन्ही हातांनी तो घेतला आणि म्हणाला, ‘देव स्वीकारो.’ दहाव्याला ती स्वतःचं नाव घेणार होती. मी तो वाडगा तिच्या हातातून हिसकावला आणि सगळ्या गावासमोर तिला झापलं, आपल्या भाषेत. ते मात्र तिला नीट कळलं.

तू काही बोलली नाहीस. तिचा हात धरून टेकडी उतरलीस. संध्याकाळी जेवताना नाही, सकाळी फाटकाशी नाही. मी समजू शकते. एवढी वाट पाहून नातीच्या तोंडून पहिलं वाक्य ऐकलंस ते हे.

नोएमी सारखी विचारते, आजी रागावली का. मी सांगते नाही, आणि तिचा विश्वास बसत नाही. खोटं मला कोणत्याच भाषेत नीट येत नाही असं दिसतं.

आउरिका


कोर्बेश्ती, २३ मे २०१९

चि. आउरिका,

तुझं एप्रिलचं पत्र आणि मे महिन्याचं पत्र एकाच दिवशी आली. आधी एप्रिलचं वाचलं. त्यात नवीन काही नव्हतं. चंद्रापासूनच मला माहीत होतं.

तरी बोलावलं, कारण कान तुझा नाही, माझा आहे, तो कशावर खर्च करायचा ते मी ठरवीन.

गावाची काळजी करू नकोस. माझ्या आजीने जिवंतपणीच स्वतःच्या नावाचं वाटलं होतं. पंगतीला स्वतः बसली, मीठ कमी आहे म्हणाली आणि पुढे चौदा वर्षं जगली. पाद्रीबाबा म्हणाले, दिलेलं वाया जात नाही, जमा राहतं. फेव्रोनिया वाडगा परत करायला आली होती. मी म्हटलं, ठेव, दूध पी त्यात. आता गावातले लोक मला वाटेत थांबून तब्येत विचारतात. आधी कोणी विचारत नव्हतं.

लोरिसला सांग, त्याचंही झालं आहे, त्याने काळजी न करता गाड्यांखाली झोपावं.

मी का बोलले नाही ते सांगते. तुझा बाप गेल्यापासून मला कोणी नावाने हाक मारलेली नाही. कोणी मावशी म्हणतं, कोणी काकू, फेव्रोनिया शेजारीणबाई म्हणते, तू आई म्हणतेस. त्या मुलीने माझं पूर्ण नाव घेतलं, एकही अक्षर न खाता. कानात ते होतं. त्यावर माझा आवाज पडू नये म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात तरी होतं. पंधरा तारखेला बुधवारी सकाळी उजवा कान मिटला. मला रुखरुख नाही. ऐकायचं ते ऐकून झालं.

बागेतल्या बायकांचं लिहिलंस. तू इथून निघालीस तेव्हा फाटकाशी तुला कोणी सांगितलं होतं, तिकडचं बोलणं पटकन उचल, नाहीतर जन्मभर फरशा पुसशील? विसरली असशील. मी विसरलेले नाही. तेव्हा सगळा दोष एकटीने उचलू नकोस, त्यातला थोडा माझा आहे, तो माझ्याकडे राहू दे.

शाळा सुटली की मुलीला इकडे पाठव. सप्टेंबरपर्यंत.

आगाफिया


पादोवा, २ जून २०१९

प्रिय आई,

तुझं पत्र मी बसथांब्यावर वाचलं आणि दोन बस जाऊ दिल्या. त्यातली एक लोरिसने दुरुस्त केलेली होती. संध्याकाळी त्याला सांगितलं तर त्याला वाईट वाटलं.

आई, रागावू नकोस, पण हे कसं व्हायचं? ती बोलेल ते तुला ऐकू येणार नाही. तू बोलशील ते तिला कळणार नाही. तीन महिने एका घरात तुम्ही दोघीच. लोरिस म्हणतो, तुझी आई हट्टी आहे आणि आपली मुलगीही, त्यामुळे कदाचित जमेल. मला हे कारण पुरेसं वाटत नाही. ती आजारी पडली तर? तिला रडू आलं आणि तू पाठमोरी असलीस तर?

आणि शिकणार काय? मी तिच्या रोज शेजारी असून मला जमलं नाही.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘आजीला ऐकू येत नाही म्हणजे मी चुकले तरी तिला कळणार नाही ना?’ मी म्हटलं, नाही कळणार. मग म्हणाली, जाते.

तिने लगेच पिशवी भरली. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू खरं काय ते लिही. तुला झेपेल का?

आउरिका


कोर्बेश्ती, ६ जून २०१९

चि. आउरिका,

झेपेल का विचारतेस. माझे कान गेले आहेत, जीभ नाही. दिवसभर मी कोंबड्यांशी बोलते, त्या उत्तर देत नाहीत आणि मला फरक पडत नाही. फेव्रोनिया दोन वेळा येऊन मुलीकडे बघून जाईल, ताप आला तर तालुक्याला नेईल. तिच्या नातवाच्या तीन कविता या घरात म्हणायच्या नाहीत, एवढी अट मी घातली आहे. खाटा शेजारी शेजारी लावल्या आहेत. रडू आलं तर माझी बाही ओढायची, एवढं तिला तिकडच्या भाषेत सांगून ठेव.

तीन दिवस ती माझ्या अंगणात होती तेव्हा मी पाहिलं. हवं ते ती बोटाने दाखवते. ती बोट दाखवील आणि मी त्याचं नाव सांगेन. बादली. पायरी. जर्दाळू. तीन महिने सांगेन. तिने बोललंच पाहिजे असं नाही.

तुलाही असंच शिकवलं होतं. तेव्हा वर्षभर तूही काही बोलत नव्हतीस, आणि मी कोणाला विचारायला गेले नव्हते की झेपेल का.

बूट पाठव. अंगणात चिखल आहे.

आई